कायबॅबची हरणे कोणी मोजली?

अन्नसाखळी शिकवताना फळ्यावर गवत, हरीण आणि वाघ अशी तीन नावे लिहायची, त्यांच्यामध्ये बाण काढायचे आणि मग वर्गाला विचारायचे, "वाघ नाहीसे झाले तर काय होईल?" हा प्रश्न बहुतेक विज्ञान शिक्षकांनी कधी ना कधी विचारलेला असतो. उत्तरही ठरलेले असते. हरणे वाढतील, ती सगळा चारा फस्त करतील आणि शेवटी उपासमारीने मरतील. उत्तर चटकन पटते, मुले वहीत लिहून घेतात आणि तास पुढे सरकतो. अडचण येते ती एखाद्या बाकावरून "असं खरंच कुठं झालंय का, सर?" असा प्रश्न आला म्हणजे.

आम्ही विद्यार्थी असताना आमच्या परिसरविज्ञानाच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर एका आलेखाच्या रूपाने दिलेले होते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या कायबॅब नावाच्या पठारावरील हरणांचा तो आलेख होता. १९०६ साली हरणे ४ हजार. मग भक्षक प्राणी मारले गेले आणि रेषा वर चढू लागली. १९२४ साली ती १ लाखाला जाऊन पोचली आणि तिथून कड्यावरून कोसळावी तशी खाली आली. दोन हिवाळ्यांत ६० टक्के हरणे मेली आणि १९३९ साली जेमतेम १० हजार उरली. परीक्षेत हा आलेख काढला की गुण हमखास मिळत. त्यावरचा एकही बिंदू हरणे मोजून मिळालेला नाही, हे आम्हांला कळले ते पुष्कळ वर्षांनी. तोवर आम्ही स्वतः तो आलेख काही जणांना शिकवूनही झाला होता!

या आलेखाची हकीकत सांगण्यासारखी आहे. त्यात हरणे वाचवणारे शिकारी आहेत, लांडगे मारणारे शिकारी आहेत, आणि आपण चुकलो असे उघडपणे लिहिणाराही एक शिकारीच आहे.

शिकाऱ्यांनी मागितलेले अभयारण्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वन्य प्राण्यांचा जो संहार झाला त्याला इतिहासात फारशी तोड नाही. गवताळ मैदानांत कोट्यवधींनी असलेले बायसन १८८०चे दशक संपता संपता काही शेकड्यांवर आले. आकाश झाकून टाकणारे थवे करणारे प्रवासी कबूतर तर पुरतेच संपले. त्या जातीची शेवटची मादी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. हा संहार मुख्यतः बाजारासाठी होता. मांस, कातडी, पिसे यांना शहरांत गिऱ्हाईक होते आणि रेल्वेने माल पोचवता येत होता.

याविरुद्ध ज्यांनी पहिल्यांदा संघटितपणे आवाज उठवला त्यांत हौशी शिकारी पुढे होते. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली काही मित्रांसह बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला. सभासद सारे शिकारी. पण शिकारीचा हंगाम ठरवून द्यावा, बाजारासाठी होणारी शिकार थांबवावी, काही वने राखून ठेवावीत या मागण्या त्यांच्याच. त्यांचा हेतू निव्वळ परोपकाराचा होता असे आम्ही म्हणणार नाही. प्राणीच उरले नाहीत तर शिकार कसली करायची, हा सरळ हिशेब त्यात होताच. तरीही अमेरिकेतल्या संरक्षणाच्या कामाला याच मंडळींनी आकार दिला. आजही तेथे बंदुका व काडतुसे यांच्यावरील केंद्रीय कराचा पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो. तो कायदा १९३७ सालचा. पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी घ्यावे लागणारे विशेष तिकीट १९३४ पासूनचे असून, त्यातून पाणथळ जागा विकत घेतल्या जातात.

रूझवेल्ट पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९०६च्या नोव्हेंबरात त्यांनी ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेकडील कायबॅब पठार शिकारीला बंद केले. कायबॅब हा शब्द तेथील पायूट लोकांचा. त्याचा अर्थ पहुडलेला डोंगर. पठाराचा माथा समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरच्या आसपास उंच असून क्षेत्रफळ तीन हजार चौरस किलोमीटरच्या जवळपास, म्हणजे बृहन्मुंबईच्या सुमारे पाचपट आहे. दक्षिणेला कोलोरॅडो नदीची प्रचंड घळ आणि इतर बाजूंना कोरडा, उजाड मुलूख असल्यामुळे हे पठार एखाद्या बेटासारखे आहे. वर पाइन, फर आणि ॲस्पेनचे जंगल. तिथले हरीण म्हणजे म्यूल डिअर. खेचरासारखे मोठे कान असतात म्हणून हे नाव पडले. पायूट लोक पिढ्यान् पिढ्या या हरणांची शिकार करीत आले होते. बंदी आली तेव्हा तीही थांबली, आणि त्यांचे मत कोणी विचारले नाही.

हे अभयारण्य होते, पण अभय मिळाले ते फक्त हरणांना. प्यूमा, लांडगा, कायोटी आणि बॉबकॅट नावाचे रानमांजर हे उपद्रवी ठरले. (कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा प्राणी.) त्यांना मारणे हे संरक्षणाच्या कामाचाच भाग समजले गेले. आज हे विचित्र वाटते, पण त्या काळी जगभर हीच समजूत होती. इंग्रजी अमलात आपल्याकडेही वाघ आणि लांडगे मारणाऱ्यांना सरकारी बक्षिसे मिळत. कायबॅबवर १९०६ ते १९३१ या काळात ७८१ प्यूमा, ३० लांडगे, जवळजवळ ५ हजार कायोटी आणि पाचशेहून अधिक बॉबकॅट मारले गेले. या मोहिमेतले नामांकित शिकारी म्हणजे जिम ओवेन्स. लोक त्यांना अंकल जिम म्हणत. आपण एकट्याने पाचशेच्या वर प्यूमा मारले असे ते सांगत. १९१३च्या उन्हाळ्यात स्वतः रूझवेल्ट आपल्या मुलांना घेऊन त्यांच्याबरोबर प्यूमाच्या शिकारीला आले होते. हरणांसाठी राखलेल्या वनात, हरणांवरील प्रेमापोटी!

अंदाजांचे पीक

१९१०चे दशक संपत आले तेव्हा पठारावर फिरणाऱ्या वनरक्षकांना झाडे वेगळी दिसू लागली. शेळ्यांनी ओरबाडलेली बोरी-बाभळींची झुडपे आपण माळरानावर पाहतोच. शेळीचे तोंड पोचते तिथपर्यंत पाला नाही, त्याच्या वर हिरवे. कायबॅबवर असेच झाले होते. हरीण मागच्या पायांवर उभे राहून जिथवर पोचेल तिथवरची डहाळी न डहाळी खाल्लेली, आणि त्यावर जणू दोरी धरून आखलेली एक रेषा. ॲस्पेनची रोपे वर येईनाशी झाली. हरणांच्या बरगड्या दिसू लागल्या.

मग प्रश्न निघाला, हरणे आहेत तरी किती? जंगलातली हरणे मोजणे हे आजही सोपे काम नाही. त्या वेळी विमानातून पाहणी नव्हती की नमुना क्षेत्रे आखून करण्याची शास्त्रीय पद्धत नव्हती. घोड्यावरून फिरायचे, संध्याकाळी कुरणावर किती दिसतात ते पाहायचे आणि अंदाज बांधायचा. वन विभागाच्या स्थानिक अधिकाऱ्याचा १९२३-२४च्या सुमाराचा अंदाज होता ३० हजार. त्याच सुमारास आलेल्या पाहुण्यांचे अंदाज ५० हजार, ६० हजार, ७० हजार असे होते. एकाने १ लाख सांगितले. पठार एकच, हंगाम तोच, आणि आकड्यांत तिपटीहून अधिक फरक.

संख्येवर एकमत नव्हते, तरी हरणे जास्त झाली आहेत यावर १९२४ साली आलेल्या चौकशी समितीचे एकमत झाले. कळप कमी करायला हवा होता. पण कसा? ॲरिझोना राज्याचे म्हणणे असे की हरणे राज्याची आहेत आणि राज्याचे शिकारीचे नियम मोडून कोणी ती मारता कामा नयेत. केंद्र सरकार म्हणे, जंगल आमचे, त्याची नासाडी आम्ही पाहत बसणार नाही. केंद्राच्या परवान्यावर शिकार करणाऱ्यांना राज्याच्या अधिकाऱ्यांनी अटक केली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२८ साली निकाल केंद्राच्या बाजूने लागला. तोपर्यंत दोन अतिशय वाईट हिवाळे होऊन गेले होते.

या दरम्यान एक गमतीदार प्रयोगही झाला. हजारो हरणे हाकत घळीत उतरवायची, कोलोरॅडो नदी पोहून जायला लावायची आणि पलीकडच्या काठावर चढवायची, अशी योजना मॅकॉर्मिक नावाच्या एका स्थानिक गृहस्थांनी मांडली. गाईगुरे हाकण्यात ज्यांची हयात गेली ते काउबॉय आणि नावाहो लोक, मिळून शंभराच्या आसपास माणसे, १९२४च्या डिसेंबरात घंटा आणि डबे वाजवत रांग धरून निघाली. झेन ग्रे हे त्या काळचे लोकप्रिय कादंबरीकार चित्रपट काढण्याच्या तयारीने हजर होते. बर्फाचे वादळ सुटले, रांग तुटली आणि हरणे माणसांच्या मधून सुखरूप मागे निघून गेली. नदीपलीकडे एकही हरीण गेले नाही. झेन ग्रे यांनी मात्र त्या प्रसंगावर कादंबरी लिहिली.

लिओपोल्ड यांचा आलेख

आता ज्यांच्यामुळे ही हकीकत जगभर पोचली त्यांच्याकडे वळू. आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म १८८७ साली आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या गावी झाला. वडील शिकारी होते, पण कायद्याने बंदी येण्याच्या आधीच स्वतःवर मर्यादा घालून घेणारे. मुलाला बदकांच्या शिकारीला नेताना ते पाखरांच्या सवयीही दाखवीत. येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन लिओपोल्ड १९०९ साली वन खात्यात रुजू झाले. नेमणूक ॲरिझोनातच झाली, पण कायबॅबपासून दूर, राज्याच्या पूर्व टोकाच्या अपाची जंगलात.

तिथे त्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी एका कड्यावरून खाली नदी ओलांडणाऱ्या लांडग्यांवर गोळ्या झाडल्या. बावीस वर्षांच्या लिओपोल्ड यांनी घरी पाठवलेल्या पत्रात लांडगे मारल्याचा ओझरता उल्लेख आहे. खेदाचा मागमूसही नाही. पुढची दहा-पंधरा वर्षे तर ते नैर्ऋत्येकडील राज्यांत शिकाऱ्यांच्या संघटना बांधत हिंडले आणि शेवटचा लांडगा व शेवटचा प्यूमा मारला जाईपर्यंत मोहीम थांबू नये असा प्रचार त्यांनी भाषणांतून केला.

त्यांचे मत बदलले ते एकाएकी नाही. १९३३ साली त्यांचा शिकारीच्या प्राण्यांच्या व्यवस्थापनावरील ग्रंथ निघाला आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात त्या विषयाचे अध्यापकपद त्यांना मिळाले. १९३५ साली ते जर्मनीत गेले. तिथली जंगले ओळीने लावलेली, हरणे भरपूर, लांडगा औषधालाही नाही आणि झाडांखाली रोपटे नाही. पुढच्या दोन वर्षांत ते दोनदा मेक्सिकोतील सिएरा माद्रे पर्वतात धनुष्यबाणाने शिकार करायला गेले. तिथे हरणे होती, प्यूमा आणि लांडगेही होते, आणि कुरणे शाबूत होती. सीमेच्या अलीकडे ॲरिझोनात मात्र तशाच डोंगरांची दैना झालेली होती. कोणी मुद्दाम न मांडलेला हा एक प्रयोगच त्यांच्यापुढे उभा होता.

१९४३ साली विस्कॉन्सिनमध्ये प्रश्न निकडीचा झाला. तिथे हरणे वाढून जंगल खाऊ लागली होती. लिओपोल्ड यांची राज्याच्या संरक्षण मंडळावर नेमणूक झाली. नर मारून काही साधणार नाही, माद्याही मारल्या पाहिजेत असे त्यांनी सांगितले. पण मादी मारायची नाही हा तर शिकाऱ्यांच्या नीतीचा पहिला धडा! शिकारी खवळले. त्या वर्षीच्या हंगामाला 'त्रेचाळीसचा गुन्हा' असे नाव पडले, आणि विरोधकांनी हरणे वाचवण्यासाठी एक पत्रच सुरू केले. याच झगड्यात लोकांना पटवण्यासाठी लिओपोल्ड यांनी जो लेख लिहिला, त्यात कायबॅबचा तो आलेख आहे.

आलेखाचे आकडे त्यांनी रासमुसेन या संशोधकाच्या १९४१ सालच्या शोधनिबंधातून घेतले. रासमुसेन यांनी वन अधिकाऱ्याचा अंदाज, पाहुण्यांचे अंदाज आणि स्वतःचा अंदाज असे सगळे एकत्र दाखवले होते. लिओपोल्ड यांनी सर्वांत वरची रेषा उचलली. १९४९ साली परिसरविज्ञानाच्या एका मोठ्या पाठ्यग्रंथात ती आली, तेथून दुसऱ्यात, तिसऱ्यात गेली. प्रत्येक नकलेत रेषा अधिक गुळगुळीत झाली आणि "हा अंदाज आहे" ही सूचना पुसट होत गेली. त्यांच्या जागी आम्ही असतो तर काय केले असते, हे सांगणे कठीण आहे. समोर जंगल मरते आहे, लोक ऐकत नाहीत, आणि हाताशी एक भेदक आकडा आहे.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. लिओपोल्ड आपल्या निबंधांचे पुस्तक तयार करीत होते. त्याची चित्रे काढू पाहणारे त्यांचे माजी विद्यार्थी आल्बर्ट हॉकबाम यांनी १९४४च्या आरंभी त्यांना पत्रातून टोकले. लांडगे नाहीसे झाले म्हणून तुम्ही हळहळता, पण त्यात तुमचाही हात होता हे कोठे लिहिले आहे, असा त्या पत्राचा रोख. विद्यार्थ्याने गुरुजींना असे विचारावे आणि गुरुजींनी ते मनावर घ्यावे, हे दोन्ही दुर्मिळ. एप्रिलमध्ये लिओपोल्ड यांनी तो प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात गोळी लागून पडलेल्या लांडग्याच्या मादीजवळ आपण पोचलो तेव्हा तिच्या डोळ्यांतली हिरवट चमक विझताना पाहिली, असे पस्तीस वर्षांपूर्वीचे दृश्य आहे. पुस्तक १९४९ साली निघाले. लेखकाने ते पाहिले नाही. १९४८च्या एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्या शेतात लागलेला गवताचा वणवा विझवताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले होते.

आक्षेप

१९७० साली ग्रेअम कॉली या न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञाने या आलेखाकडे संशयाने पाहिले. कॉली अभ्यास करीत होते ताहर या जंगली बोकडाचा. तो मूळचा आपल्या हिमालयातला. १९०४ साली शिकारीच्या हौसेसाठी न्यूझीलंडच्या डोंगरांत सोडला गेला आणि तिथे बेसुमार वाढला. तिथे तर त्याला खाणारे कोणीच कधी नव्हते. मग वाढ आणि घसरण यांचे कारण भक्षकांत शोधावे की चाऱ्यात? तुलनेसाठी कॉलींनी कायबॅबची मूळ कागदपत्रे तपासली. १ लाख हा अनेक अंदाजांपैकी एक आहे, हे त्यांनी दाखवून दिले. दुसरे म्हणजे, १८८०च्या दशकात त्या पठारावर २ लाखांच्या घरात मेंढ्या आणि हजारो गुरे चरत असत. १९०८ पर्यंत मेंढ्यांची संख्या काही हजारांवर आली होती. म्हणजे हरणांना चारा मोकळा झाला तो याच काळात.

इथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून देण्यासारखी आहे. कायबॅबवर एकाच सुमारास शिकार थांबली, मेंढ्या-गुरे घटली, भक्षक मारले गेले आणि जंगलातले वणवे विझवायला सुरुवात झाली. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो आणि तुलनेसाठी न बदललेला एक संच ठेवतो. इथे चार घटक बदलले आणि तुलनेचा संच नव्हता. शिवाय २५ वर्षे सरासरीने दर वर्षी ३१ प्यूमा मारले जात होते याचा अर्थ मारायला तेवढे मिळतही होते. भक्षक संपले होते असे म्हणणेही मग अवघड होते, असे आम्हांला वाटते.

कॉलींचा निबंध वाचून अनेकांनी कायबॅबला दंतकथा ठरवले. काही पुस्तकांतून तो आलेख गुपचूप वगळला गेला. आम्हांला ही घाईही पटत नाही. १ लाख हा आकडा खोटा ठरला असे कोणी सिद्ध केले नव्हते. तो खरा मानायला आधार नाही एवढेच सिद्ध झाले होते. साधे गणित करून पाहा. १९०६ ते १९२४ या १८ वर्षांत ४ हजारांचे ३० हजार व्हायला दरवर्षी सुमारे १२ टक्के वाढ लागते. १ लाख व्हायला सुमारे २० टक्के. चारा मुबलक असला की म्यूल डिअरच्या मादीला बहुधा जुळी पाडसे होतात. तेव्हा २० टक्के ही वाढ फार असली तरी अशक्य कोटीतली नाही. दहावीच्या मुलांना चक्रवाढ व्याजाचे सूत्र येतेच. बँकेतल्या ठेवीऐवजी हरणे घालून हे उदाहरण सोडवायला द्यावे.

साक्षीदार झाडे

हरणे तेव्हा मोजली नाहीत आणि आता मोजता येणार नाहीत. पण त्यांनी खाल्लेल्या झाडांचे काय? एखाद्या गावात काही वर्षे दुष्काळ-साथींत तान्ही मुले दगावली, तर पुढे शाळेच्या पटावर तेवढ्या वर्षांची मुले कमी दिसतील. ज्यांना त्या दुष्काळाची काही माहिती नाही त्यांनाही पटावरून तो ओळखता येईल. जंगलाचेही असेच. ॲस्पेनच्या खोडात पोकळ गिरमिट घालून काडीसारखा नमुना काढला की वाढीची वलये मोजून झाडाचे वय कळते. अशी पुष्कळ झाडे तपासली की कोणत्या दशकातली किती झाडे जगली याचा पट तयार होतो.

बिंकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायबॅबवर हेच केले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९२०च्या दशकात उगवून जगलेली ॲस्पेनची झाडे अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाली. हरणे घटल्यावरच्या वर्षांतली पुन्हा पुष्कळ होती. हवामान, वणवे आणि गुरे यांनी ही फट कितपत समजावता येते हेही त्यांनी पाहिले, पण हरणांनी केलेला अतिरेक हेच स्पष्टीकरण सर्वांत चांगले जुळत होते. म्हणजे लिओपोल्ड यांनी सांगितलेली आपत्ती घडली होती. हरणे ५० हजार होती की १ लाख, हे झाडे सांगत नाहीत. ती वाढण्यात प्यूमांचा वाटा किती आणि मेंढ्यांचा किती, तेही सांगत नाहीत.

गंमत अशी, की ज्यांच्या नावावर हा न मोजलेला आलेख चिकटला ते लिओपोल्ड स्वतः मोजण्याच्या बाबतीत अतिशय काटेकोर होते. शिकारीच्या प्रत्येक फेरीची टिपणे ते ठेवीत. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी एक नापीक झालेले शेत घेतले. तिथे कोंबड्यांचे एक मोडके खुराडे होते, त्याचीच झोपडी करून कुटुंब सुट्टीत तिथे राही आणि हजारो पाइनची रोपे लावी. पहाटे अंधारातच लिओपोल्ड कॉफीचे भांडे घेऊन बाहेर बसत. कोणता पक्षी कोणत्या मिनिटाला बोलला, तेव्हा उजेड किती होता, याची प्रकाशमापकाने नोंद करीत. कोणते फूल कोणत्या तारखेला उमलले, कोणता पक्षी कधी परतला, हेही लिहिले जाई. त्यांच्या कन्या नीना यांनी पुढे हे काम चालू ठेवले. १९९९ साली ६१ वर्षांच्या कालखंडातील या नोंदी प्रसिद्ध झाल्या, तेव्हा वसंतातल्या कित्येक घटना पूर्वीपेक्षा लवकर घडू लागल्याचे दिसले. हवामानबदलाच्या अभ्यासात त्या नोंदींना आज मोल आहे. असे काम कोणत्याही शाळेला करता येईल. शाळेच्या आवारातला पळस, बहावा किंवा आंबा दर वर्षी कोणत्या तारखेला फुलला याची वही ठेवायला एक पेन्सिल पुरते. दहा वर्षे ती वही हरवू द्यायची नाही, हेच काय ते कठीण.

कायबॅब आजही हरणांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध आहे. शिकारी परवान्यासाठी अर्ज करतात, सोडत निघते. प्यूमा आहेत. लांडगे तिथे नाहीत. पण लिओपोल्ड यांनी जिथे ती मादी मारली त्या पूर्व ॲरिझोनाच्या जंगलात १९९८च्या मार्चमध्ये पिंजऱ्यात वाढवलेले ११ मेक्सिकन लांडगे सोडण्यात आले. गुरे पाळणाऱ्यांचा विरोध होता आणि अजून आहे. काही लांडग्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे असतात. दर हिवाळ्यात जमिनीवरून आणि हवेतून त्यांची मोजदाद होते. २०२३ सालअखेरचा आकडा 'किमान २५७' असा जाहीर झाला होता. त्यातला 'किमान' हा शब्द मोजणाऱ्यांनी मुद्दाम घातलेला आहे.